कृष्णेच्या पायऱ्या आणि बायकांची वेळ

साताऱ्याला लोक फुलं बघायला जातात, किल्ल्यावर चढून फोटो काढायला जातात. मी पार्किंगची जागा बघायला गेले. सांगलीला लोक गणपतीला जातात, येताना हळद आणि भडंग बांधून आणतात. मी तिथे रिकामी जमीन शोधायला गेले. प्रवासवर्णन लिहावं अशी ही कारणं नाहीत, मला मान्य आहे. पण या प्रवासात जी माणसं भेटली ती कुठल्याही पर्यटन-पत्रकात सापडणार नाहीत, आणि त्यांच्याबद्दल गप्प बसायचा माझा अजिबात विचार नाही.

मी मूळची नाशिकची. वास्तुकला शिकले आणि पुण्यात एका छोट्या ऑफिसात शहरातल्या मोकळ्या जागांचे आराखडे करायला लागले. ऑफिस म्हणजे सर आणि आम्ही चार-पाच जण. सर वाईट माणूस नव्हेत. रेघ कुठे थांबवायची हे मला त्यांनीच शिकवलं. त्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे दोन कामं एकदम आली. साताऱ्याच्या जुन्या पेठेत गाड्या लावायची सोय करायची होती आणि सांगलीत कृष्णाकाठ सजवायचा होता. नदीकाठाचं चित्र सरांच्या डोक्यात तयारच होतं. फिरायला फरसबंद रस्ता, रांगेने दिवे, खाण्याचे स्टॉल आणि घाटाच्या वर पाण्याकडे झुकलेली एक लांबलचक गॅलरी, जिथे उभं राहून लोकांनी नदी बघावी.

"मृणाल, तू आठवडाभर जाऊन ये," सर म्हणाले. "मला दोन्ही ठिकाणच्या रिकाम्या जागांचा नकाशा हवा."

"रिकामी म्हणजे कशी, सर?"

"जिथे काही बांधलेलं नाही अशी. सोपं आहे."

सातारा

सातारा हे उतारावरचं गाव आहे. कुठल्याही बोळात उभं राहून मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो, आणि त्याच्याकडे पाठ केली की पाय आपोआप खाली चालायला लागतात. नाशिककर माणसाला याची सवय नसते. आमच्याकडे गाव नदीकडे बघतं, इथे किल्ल्याकडे. पहिल्या सकाळी मी राजवाड्यापासून चढत गेले आणि दुपारपर्यंत पोटऱ्या अशा भरून आल्या की मोजमापाच्या नावाखाली दर वळणावर बसत होते.

सरांनी दाखवलेली जागा किल्ल्याच्या अंगाला, एका जुन्या तळ्याशेजारी होती. चांगलं ऐसपैस मैदान. कडेला दोन कडुलिंब, एका बाजूला तळ्याची दगडी भिंत. बांधलेलं काहीच नव्हतं. फक्त मैदानाच्या बरोबर मध्ये एक लोखंडी खुर्ची होती आणि खुर्चीत एक ताठ बसलेले गृहस्थ. पांढरी मिशी, अंगात जुना लष्करी स्वेटर.

मी टेप लावून एक बाजू मोजली, दुसरी मोजली. ते बघत होते. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"किती भरलं म्याडम?"

मी आकडा सांगितला.

"त्यात मी धरलो का न्हाई?"

ते हसले नाहीत. खरंच विचारत होते.

त्यांना सगळे निकम हवालदार म्हणत. सैन्यातून निवृत्त होऊन ते पेठेतल्या आपल्या घरी परत आले होते. या मैदानावर पार्किंग होणार अशी कुणकुण लागल्यावर पेठेत बैठक झाली, बरीच भाषणं झाली, मग सगळे आपापल्या घरी गेले. हवालदार घरी गेले ते खुर्ची घेऊनच परत आले. तेव्हापासून रोज ऊन कलायला लागलं की खुर्ची मैदानाच्या मध्ये, अंधार पडला की खुर्ची घरी.

"आरडाओरडा न्हाई, बोर्ड न्हाई," ते म्हणाले. "जागा धरून बसायचं, येवढंच तर शिकलोय आमी. तितं बर्फात बसलो. हितं सावली हाय, चहा येतोय. हितं उठीन व्हय?"

मी तिथेच थांबले आणि मग गंमत बघितली. थोड्या वेळाने समोरच्या घरातून एक आजोबा प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आले. मग दोन बायका पाट घेऊन आल्या आणि मेथी निवडायला बसल्या. एकीने आरामखुर्ची आणली, एकाने गाडीची जुनी सीट आणून टेकवली. पोरांनी क्रिकेट मांडलं, पण हवालदारांची खुर्ची सोडून. चेंडू खुर्चीला लागला तर आऊट, असा नियमच होता. दिवस मावळेपर्यंत मैदानात एकासारखं दुसरं नाही असं सगळं बसायचं सामान गोळा झालं होतं. सभा नव्हती. कुणी कुणाला काही पटवत नव्हतं. माणसं फक्त बसली होती.

निकम काकूंनी चहा आणि कंदी पेढे आणले. पेढ्याला खरपूस भाजलेल्या खव्याची चव होती. आमच्याकडचा पांढरा, मऊ पेढा त्याच्यापुढे आजारी वाटावा. काकू नवऱ्याकडे बघत मला म्हणाल्या, "घरात दोन मिंटं टेकत न्हाईत. हितं बगा कसं बसल्यात."

मी हवालदारांना विचारलं, "पण काका, पेठेत गाड्या वाढल्यात हे खरंच आहे. त्या लावायच्या कुठे?"

"गाडी माझ्याकडं बी हाय. खालच्या रस्त्याला लावतो आणि चढून येतो."

"गुडघे दुखत नाहीत?"

"दुखत्यात की. दुखू दे."

लॉजवर जाऊन मी सरांना फोन केला. म्हटलं, मैदान रिकामं नाही, तिथे रोज संध्याकाळी अख्खी पेठ बसते.

"कशावर बसते?"

"खुर्च्यांवर."

"मग बरंय," सर म्हणाले. "खुर्च्या उचलता येतात."

ते वाक्य मला झोंबलं. नकाशावर त्या मैदानावर मी पेन्सिलीने 'रिकामी' असं लिहून ठेवलं होतं. ते खोडलं आणि 'बसलेली' असं लिहिलं. असा शब्द आमच्या धंद्यात नाही. म्हणूनच लिहिला.

सांगली

उंब्रज, कऱ्हाड मागे पडलं आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, मागे आमची एसटी बैलाच्या चालीने. सांगलीत उतरले तेव्हा हवेत हळदीचा वास होता. मला वाटलं, कुणाच्या घरी लग्न असेल. बाजारपेठेत गेल्यावर कळलं की इथे हळद लग्नाची वाट बघत नाही.

दुसरी एक गोष्ट लगेच दिसली. नदीकडच्या गल्ल्यांमध्ये घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याहून कितीतरी उंच, रंगाने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या. महापुराचं पाणी इथवर आलं होतं. खाली दारात बसून माणसं बिनधास्त भाजी निवडत होती, दाढी करून घेत होती, आणि त्यांच्या वर ती रेघ.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी घाटावर गेले. धुकं होतं, पाण्यातून वाफा निघत होत्या आणि त्या थंडीतही पुरुषमंडळी धडाधड उड्या मारत होती. सत्तरीचे काका हात जोडून सूर मारत होते. मी लांबून टिपणं घेतली. ऊन वर आलं तसे ते सगळे अंग पुसून, केस विंचरून कामाला निघून गेले. घाट ओस पडला. मला वाटलं, आता मोजावं.

सरांची गॅलरी जिथे यायची होती त्या जागेची उंची मला हवी होती. एका हातात मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात फोन, अशी मी कडेच्या पायऱ्यांनी खाली उतरत होते, तोच वरून शिट्टी वाजली. कबड्डीच्या पंचाची असते तशी, कान फाटेल अशी शिट्टी.

"ए बाई! फोन खाली!"

मी दचकले. पायाखाली शेवाळ होतं. पुढच्या क्षणी मी कमरेपर्यंत कृष्णेत होते, फोन तेवढा डोक्यावर धरलेला. आणि मग मला दिसलं की घाटाच्या वळणापलीकडे, वरच्या रस्त्यावरून जिथलं काही दिसत नाही तिथे, आठ-नऊ बायका पाण्यात होत्या. पंजाबी ड्रेस घातलेल्या, काहींच्या पाठीला तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन बांधलेले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग एक हसली, आणि सगळ्याच हसायला लागल्या.

त्यातली एक उंच, काळीसावळी बाई दोन हात मारून माझ्यापर्यंत आली आणि दंडाला धरून मला पायरीवर बसवलं. या मंदावहिनी. नवरा सैन्यात, घरी ऊस, सासर सांगलीलगतच्या गावात. तोवर शिट्टीवाल्या बाई खाली उतरल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गोऱ्यापान, हातात छत्री. त्यांना सगळ्या अक्का म्हणत.

"शूटिंग करत हुतीस?" अक्कांनी विचारलं.

"नाही हो. मोजत होते."

"मोजायला आमी काय म्हशी हाय व्हय?"

"पायऱ्या मोजत होते."

"कशापायी?"

खोटं बोलता आलं असतं. ओल्या अंगाने खोटं सुचत नाही. मी सांगून टाकलं की इथे नदीकाठ सुशोभित व्हायचा आहे, या पायऱ्यांच्या वर एक गॅलरी येणार आहे, आणि तिची उंची घ्यायला मला पाठवलंय.

"गॅलरी म्हंजे? नाटकाला आस्ती तसली?"

"तशीच. लोक तिथे उभे राहून नदी बघतील."

अक्कांनी छत्री मिटली.

"लोक नदी बगत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

मंदावहिनी पाण्यातूनच म्हणाल्या, "अक्का, तिला आदी कोरडं काय तरी द्या. थंडीनं मरंल, मग आपल्यावरच यील."

अक्कांच्या पिशवीतलं पातळ नेसून मी लॉजवर परतले. वाटेत सांगलीकरांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही.

दिवस बुडायच्या आत

पातळ परत करायला संध्याकाळी अक्कांच्या घरी गेले. "दिवस बुडायच्या आत ये," असं त्यांनी बजावलं होतं. जैनांचं घर, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. इकडे जैन मंडळी शेतीही करतात आणि व्यापारही. अक्कांचं हळदीचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर राहणं. नवरा गेल्यापासून दुकान त्याच बघत. पितळी ताटात ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मंदावहिनीही आल्या होत्या.

इकडच्या बायका बोलताना स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. आमच्याकडे असं बोलले असते तर आईने डोळे वटारले असते. इथे ते इतकं सहज होतं की दुसऱ्या दिवशी माझ्याही तोंडातून 'मी निघतो' निघालं.

जेवताना मी भिंतीवरच्या रेघेबद्दल विचारलं. अक्कांनी वरच्या मजल्याच्या खिडकीकडे बोट केलं.

"हितनं काढलं मला. पाणी खिडकीला लागलं हुतं. बोट आली. चार पोरं वर चढली आणि मला उचललं, पोत्यागत. माझी हळदीची पोती खाली कुजत हुती आणि मी बी एक पोतंच. चांगली पोरं हुती, जीव वाचिवला त्येंनी. पण बोटीत बसलो आणि मला रडू आलं न्हाई, राग आला. नदीच्या काठाला जन्म गेला आणि मला हात मारता येईना? पुरुष रोज पवत्यात. आमी निस्तं धुणं धुवायचं?"

पाणी ओसरल्यावर अक्का मंदावहिनींकडे गेल्या. वहिनी माहेरच्या विहिरीत पाठीला कॅन बांधून पोहायला शिकलेल्या.

"मी म्हणलो, अक्का, तुमचं वय बगा," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणत्यात, वय बगून पाणी येतंय व्हय?"

सुरुवातीला दोघीच होत्या. लोक बोलले. घाटावरचे काही पुरुष मुद्दाम थांबून राहायला लागले. मग अक्कांनी त्यांच्यातल्या वयस्कर काकांना गाठून सांगितलं, तुमचं पवणं झालं की घाट सोडायचा, त्याच्यानंतरची वेळ आमची. भांडण झालं, पण ठरलं. तेव्हापासून रोज एक बाई वर बसून शिट्टी सांभाळते. तिने माणसांवरही नजर ठेवायची आणि पाण्यावरही.

"पाण्यावर कशाला?"

"मगर," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि मला अजून आमटी वाढली. "दिसली की शिट्टी, शिट्टी झाली की समद्या वर. पुरुषांना बी तिचं भ्या हायच की. म्हनून ते पवायचं सोडत्यात व्हय?"

पुढचे दिवस मी घाटावरच काढले. एकाच पायऱ्या मी पुन्हा पुन्हा काढल्या. पहाटे पुरुष. ऊन वर आल्यावर बायका. दुपारी धुणं, शेळ्या आणि दहाव्याला आलेली, मुकाट बसलेली माणसं. संध्याकाळी कॉलेजची पोरंपोरी आणि भेळेची गाडी. आमच्या नकाशात जागा असते, वेळ नसते. म्हणून मधेच तासभर ओस पडलेला घाट बघून आम्ही त्याला रिकामा म्हणतो. मी चारही चित्रं शेजारी-शेजारी लावली आणि सगळ्यांवर सरांची गॅलरी लाल रेघेने काढली. बायकांच्या चित्रावर ती बरोबर त्यांच्या डोक्यावर येत होती.

सभागृह

आठवड्याअखेरीस सर पुण्याहून आले. एका सरकारी कार्यालयाच्या सभागृहात आराखडा दाखवायचा होता. बैठक सगळ्यांना खुली आहे असं पत्रात होतं, पण ते पत्र घाटावर कुणी लावलं नव्हतं. मी अक्कांना सांगितलं. सरांना सांगितलं नाही.

सरांनी पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली. दिवे, झाडं, गॅलरीत आइस्क्रीम खाणारं कुटुंब. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि अक्का, मंदावहिनी आणि बाकीच्या बायका आत आल्या. थेट घाटावरून आल्या होत्या. वेण्या ओल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मोकळ्या होत्या, तिथे जाऊन बसल्या.

माझी पाळी आली ती फक्त मोजमापं सांगण्यापुरती. मी उठले आणि माझी चार चित्रं लावली. सर माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं की ही जागा दिवसातून चार वेळा चार वेगळ्या मंडळींची असते आणि गॅलरी झाली तर यातली एक वेळ कायमची बंद होईल.

मुख्य अधिकारी सज्जन होते. बायकांकडे वळून म्हणाले, "तुमची अडचण रास्त आहे."

सर चटकन उठले. ते चांगलं वागायचा प्रयत्न करत होते, हे मला आजही वाटतं. "यावर उपाय आहे," ते म्हणाले. "आपण महिलांसाठी वेगळा जलतरण तलाव देऊ. भिंत, छप्पर, स्वच्छ पाणी. एकदम सुरक्षित."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. मग अक्का उभ्या राहिल्या.

"सायेब, पूर काय टाकीत येतोय व्हय?"

अधिकाऱ्यांची डोलणारी मान थांबली.

"आमी पवायची हौस म्हणून पवत न्हाई. ही नदी आमच्या घरात येती. कवा, किती, ती आमाला इचारत न्हाई. तवा तिची वड अंगाला म्हाईत पायजे. तुमच्या टाकीत वड आस्ती व्हय? तुमी गॅलरी बांदा, दिवं लावा, कायबी करा. पण आमच्या डोस्क्यावर न्हाई."

अधिकाऱ्यांनी सूचना लिहून घेतो म्हणून सांगितलं. बैठक संपली.

उंब्रज

पुण्याला परतताना मी सरांच्या गाडीत होते. कऱ्हाड मागे पडलं.

मग सर म्हणाले, "सोमवारपर्यंत अंतिम आराखडा द्यायचाय. गॅलरी राहील. तुझी चार चित्रं काढून टाक. आणि पुढच्या वेळी लोकांना बोलवायचं असेल तर आधी मला विचार."

"गॅलरी सरकवता येईल, सर. पुलाच्या बाजूला."

"तिथून नदी तेवढी चांगली दिसत नाही."

"मग नका दाखवू नदी."

"मृणाल, तू कुणाकडे काम करतेस?"

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. दमलेल्या आवाजात विचारला होता, म्हणून जास्त लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. चित्रं मी काढून टाकली नसती तर दुसऱ्या कुणीतरी काढून टाकली असती, आणि सोमवारी मी त्याच टेबलाशी बसून साताऱ्याच्या मैदानात गाड्यांच्या रेघा मारत असते. समोर उंब्रजची पाटी होती.

"सर, गाडी बाजूला घ्या."

"काय झालं? बरं वाटत नाहीये?"

"बरं वाटतंय. मी इथे उतरते."

त्यांनी गाडी बाजूच्या रस्त्याला घेतली. समजावायचा प्रयत्न केला, मग थांबले. स्वतः उतरून त्यांनी डिकी उघडली, माझी बॅग दिली आणि चित्रांची गुंडाळीही काढून माझ्या हातात ठेवली. "ही तुझी आहे," एवढंच म्हणाले.

गाडी गेल्यावर मला खरं तर भीती वाटली. खोटं कशाला सांगू? उसाच्या ट्रॉल्या, ट्रकांचा धुरळा, गुंडाळी काखेत धरलेली मी. एका टपरीवर चहा घेतला. आईला फोन लावला आणि सांगितलं.

"नोकरी सोडलीस?"

"हो."

"रस्त्यात?"

"हो."

"जेवलीस का?" तिने विचारलं. मग मी हायवेच्या पुलाखालून पलीकडच्या, सांगलीकडच्या बाजूला गेले आणि आलेल्या पहिल्या एसटीला हात केला.

पुन्हा सांगली

अक्कांनी दारातच विचारलं, "काय विसरलं?" मी म्हटलं, काही नाही, राहायला आलेय. त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीतली पोती सरकवून जागा करून दिली. तिथे, हळदीच्या वासात, मी चारही चित्रं एकत्र करून एक मोठा नकाशा केला. कुठली वेळ कुणाची, हे सांगलीच्याच भाषेत लिहिलं. पुरुषांच्या वेळेला पुरुषांना विचारून, धुण्याच्या वेळेला धुणं धुणाऱ्या बायकांना विचारून. भेळवाल्यानेही आपली गाडी नक्की कुठे लागते ते दाखवलं.

मग वहिनी म्हणाल्या, "आता ह्याचं फ्लेक्स करायचं."

फ्लेक्सच्या दुकानदाराने नकाशा उलटसुलट करून बघितला. त्याने आजवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पुढाऱ्यांच्या निवडीची अभिनंदनं छापली होती.

"फोटो कुणाचा टाकायचा?"

"कशाला?"

"आवं, फोटोबिगर फ्लेक्स हुतोय व्हय? कुणाचा तरी टाका."

अक्कांनी विचार केला. "आमचा टाक. समद्यांचा. पर कोरड्यातला, पाण्यातला नगं."

असा तो फ्लेक्स झाला. वर हसऱ्या बायकांची रांग, खाली घाटाचा नकाशा, आणि ठळक अक्षरांत: 'ह्या पायऱ्या रिकाम्या न्हाईत.' घाटाच्या वरच्या कठड्याला आम्ही तो बांधला. त्याच्यासमोर उभं राहून लोक नकाशा वाचत होते. स्वतःची वेळ शोधत होते. पहाटेच्या काकांनी 'आमचं चित्र बारीक काढलंय' अशी तक्रार केली, म्हणजे त्यांना ते मान्य होतं.

मलाही आता पाठीला कॅन बांधून पाण्यात ढकललं होतं. नाका-तोंडात पाणी जात होतं, पण वहिनींचा हात पोटाखाली असायचा. पाण्याची ओढ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ती कागदावर बाणाने दाखवता येत नाही.

अशाच एका सकाळी आम्ही पाण्यात असताना वर गाडी थांबली. जागेची पाहणी करायला मंडळी आली होती. मुख्य अधिकारी होते, त्यांच्या हाताखालचे दोघे होते, आणि सर होते. ते सगळे पायऱ्यांकडे निघाले, तोच अक्कांनी शिट्टी फुंकली.

"सायेब, थांबा! ही वेळ बायकांची हाय. फलक वाचा."

मंडळी थांबली. अधिकाऱ्यांनी फ्लेक्स वाचला. सगळा, वरपासून खालपर्यंत. हाताखालच्यांपैकी एक जण म्हणाला, "बाई, साहेब पाहणीला आलेत, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग थांबतील की. आमचं बी झालंच हाय."

मी मानेपर्यंत पाण्यात होते. सरांनी मला ओळखलं. आमची नजर भेटली. मी हात केला नाही, मान खाली घातली नाही, पाण्याबाहेरही आले नाही. मग सगळ्यांत आधी सरांनीच घाटाकडे पाठ फिरवली. त्यांच्यामागोमाग अधिकारी वळले आणि मग बाकीचेही. आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ते सगळे उन्हात उभे राहिले.

"चला गं," वहिनी म्हणाल्या, "आनि एक फेरी."

आम्ही फेरी मारली. मग, कुणी घाई केली नाही, तरी मुद्दाम अजून एक मारली.